अवशेष आणि अदृष्ट

मनुष्याच्या वाट्यास आलेल्या सुखदुःखांची दृश्य कारणे मोजून संपली, की जे मागे उरते त्यास कोणते नाव द्यावे, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी फार प्राचीन काळी विचारला आणि ‘अदृष्ट’ या शब्दाने त्याचे उत्तरही दिले. त्या उत्तराने प्रश्न खरोखर सुटला, की त्यास एक आदरणीय आसन मिळून तो तेथेच स्वस्थ बसला, याचा विचार मला उतारवयात नव्याने करावा लागला. आणि तो एखाद्या पोथीच्या पारायणातून सुचला नसून, संगणकावर नकाशे हाताळणे व त्या नकाशांवर रिग्रेशन नावाची संख्याशास्त्रीय प्रक्रिया चालविणे मी शिकू लागलो, त्या शिक्षणातून उद्भवला.

ग्वाल्हेरातील लष्करच्या रहिवाशास नकाशाचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे, कारण हे गावच मुळी कायम झालेला एक मुक्काम आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ दिला, राहुट्यांच्या जागी वाडे उठले, बाजारास पेठांचे रूप आले, आणि तरीही लष्कर, कंपू, शिंद्यांची छावणी ही नावे जशीच्या तशी राहिली. किल्ल्याच्या उत्तरेच्या बाजूस जुने ग्वाल्हेर, पूर्वेस १८८६ पर्यंत इंग्रजी फौजेचे ठाणे असलेले मुरार, आणि दक्षिणेस लष्कर, अशा तीन निरनिराळ्या इतिहासांच्या वस्त्या आज एकाच महानगरपालिकेच्या ६६ वॉर्डांत वाटल्या गेल्या आहेत. वॉर्डाची हद्द लोकसंख्येच्या हिशेबाने आखली जाते. जमिनीचा उतार, पाण्याची वाट, किंवा कोणती वस्ती कोणत्या राजवटीत वसली, यांची विचारपूस त्या आखणीत सहसा होत नाही. आणि हद्द थोडी सरकविली, तर त्याच घरांची सरासरी निराळी येते. नकाशावर गणित करणाऱ्याने हे भान प्रथम ठेवावयाचे असते.

प्रक्रिया अशी. क्यूजीआयएस या विनामूल्य मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्डांची शेपफाइल उघडली, की लष्करातील बाड्यापासून मुरारपर्यंतचे सारे शहर बहुकोनांचा एक समूह होऊन समोर येते, आणि त्या बहुकोनांस जनगणनेचा तक्ता जोडावयाचा असतो. हे जोडकाम दिसते तितके सरळ नाही. नकाशाच्या दप्तरी सातव्या वॉर्डाचा क्रमांक पुष्कळदा आधी शून्य लावून अक्षररूपाने नोंदलेला असतो, तक्त्यात तोच नुसता अंक म्हणून असतो, आणि माणसास जे एक दिसते ते यंत्रास दोन भासून संपूर्ण स्तंभ रिकामा राहतो. दोन्हींकडचे क्रमांक एका जातीचे करून घेतल्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही. त्यानंतर जिओडा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शेजाराची व्याख्या करावी लागते. बुद्धिबळातील हत्तीच्या चालीने शेजार ठरविला, तर ज्यांची बाजू सामाईक तेवढेच वॉर्ड शेजारी ठरतात. वजिराच्या चालीने ठरविला, तर ज्यांचा नुसता कोपरा कोपऱ्यास टेकला आहे तेही शेजारात येतात. कोणता शेजार मानावा हे यंत्र सांगत नाही. ते शिकणाऱ्याने स्वतःच्या विवेकाने ठरवावयाचे आणि त्याचे कारण लिहून ठेवावयाचे.

२०११ च्या जनगणनेच्या घरयादीत पिण्याचे पाणी घराच्या आवारात आहे, जवळपास आहे की दूर आहे, याची वॉर्डवार नोंद मिळते. स्त्रियांच्या साक्षरतेची नोंद त्याच जनगणनेच्या दुसऱ्या तक्त्यांत मिळते. अभ्यासासाठी मी हीच जोडी घेतली, कारण जेथे पाणी लांबून आणावे लागते तेथे मुलींचे शिक्षण मागे पडते काय, हा प्रश्न या शहरात नुसत्या हिशेबाचा नाही. यंत्र सर्व वॉर्डांच्या बिंदूंमधून एक रेषा काढते, आणि बिंदूंपासून रेषेपर्यंतच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज लघुतम असावी एवढीच अट त्या रेषेवर असते. फ्रान्सिस गाल्टन याने १८८६ च्या निबंधात आईबापांची उंची आणि मुलांची उंची यांचा मेळ घालताना जी दृष्टी दिली, तिचेच हे विस्तारलेले रूप. रेषेने वर्तविलेला आकडा आणि वॉर्डाचा खरा आकडा यांतील अंतर म्हणजे त्या वॉर्डाचा अवशेष. जेथे साक्षरता अपेक्षेहून अधिक निघाली तेथे तो धन, जेथे उणी निघाली तेथे ऋण. कारण जेवढे मोजले तेवढ्याचा हिशेब रेषेने दिला. जे मोजले नाही ते सारे या अवशेषात येऊन राहिले.

माझ्या विचारास येथेच प्रारंभ झाला. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, नानाविध करणे, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. पहिली चार मोजता येतील अशी आहेत, निदान तसा प्रयत्न करता येईल अशी आहेत; पाचवे सर्वांच्या शेवटी, जणू हिशेबाच्या शिल्लक रकान्यात, येऊन बसले आहे. तेव्हा अवशेष म्हणजेच दैव, असे समीकरण मनात उभे राहण्यास क्षणाचाही विलंब लागला नाही, आणि ते मोहकही वाटले. परंतु आचार्यांनी या पाचव्याचा अर्थ इतका स्वस्त केलेला नाही. शंकराचार्यांच्या भाष्यात दैव म्हणजे नेत्रादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता. रामानुजाचार्यांच्या भाष्यात तो अंतर्यामी परमात्मा. दोघांच्याही दृष्टीने ते कर्मास साहाय्य करणारे तत्त्व आहे. कारण सापडले नाही म्हणून तेथे चिकटविलेली चिठ्ठी असा त्याचा अर्थ दोघांपैकी एकानेही केला नाही.

अदृष्टाची कथा मात्र निराळी आहे, आणि ती अधिक बोधक आहे. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत लोहचुंबकाकडे सुई सरकते, अग्नीची ज्वाळा वर जाते, वृक्षाच्या मुळाशी घातलेले पाणी शेंड्याकडे चढते, या घटनांचे कारण अदृष्ट असे सांगितले आहे. ज्या शब्दाने जीवाच्या धर्माधर्माचा, म्हणजे त्याच्या पूर्वकर्मांच्या संस्काराचा, बोध होतो, त्याच शब्दाखाली सुईची ही हालचाल येते. त्या काळच्या ज्ञानाच्या सीमेवर उभे राहून ऋषीने प्रामाणिकपणे सांगितले, की येथे क्रिया दिसते आणि कर्ता दिसत नाही. पुढे चुंबकत्वाचे नियम कळले, झाडाच्या खोडातून पाणी कसे चढते ते कळले, ज्वाळेच्या ऊर्ध्वगतीचे कारण कळले, आणि अदृष्टाच्या खात्यातून एकेक नोंद वजा होत गेली. कणादाचा यात लेशमात्र दोष नाही. त्याने रिकामी जागा रिकामी म्हणून दाखविली. दोष असलाच तर तो उत्तरकालीन आपला, कारण ज्या जागेवर त्याने खूण केली, त्या जागेस आपण भिंत मानले आणि तिच्यापलीकडे हात घालणे सोडून दिले.

नैयायिकांनी तसे केले नाही, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. साहचर्य दिसले म्हणजे व्याप्ती सिद्ध झाली असे नाही, हे त्यांनी जितक्या कठोरपणे तपासले तितके फार थोड्या परंपरांनी तपासले असेल. धूर आहे तेथे अग्नी आहे. परंतु अग्नी आहे तेथे धूर आहेच असे म्हणाल, तर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा आडवा येतो. मधे एक तिसरी वस्तू लपलेली असते: ओले इंधन. त्याचा संयोग झाला तरच अग्नीपासून धूर निघतो. या लपलेल्या तिसऱ्या वस्तूस त्यांनी उपाधी म्हटले, आणि अनुमान करणाऱ्याने उपाधीचा शोध घेतल्यावाचून निर्णय देऊ नये असा दंडक घातला. आजचा संख्याशास्त्रज्ञ दोन स्तंभांचा संबंध पाहून तिसऱ्या अदृश्य स्तंभाची शंका घेतो, तेव्हा तो हेच करीत असतो. पाणी दूर आणि साक्षरता उणी, या दोन गोष्टी एकत्र आढळल्या तरी त्यांच्या मुळाशी दारिद्र्य हे ओले इंधन असेल, किंवा वस्ती केव्हा वसली हा काळ असेल. ते रेषा पाहून कळत नाही.

याहून सूक्ष्म विवेक अन्यथासिद्धाचा. घट निर्माण होण्यापूर्वी कुंभार, चाक, दांडा आणि माती ही तर असतातच; परंतु दांड्याचा रंगही असतो, कुंभाराचा बापही कधी तरी होऊन गेलेला असतो, आणि माती वाहून आणणारे गाढवही दाराशी उभे असते. घटाच्या पूर्वी हजर असणे एवढ्यावरून गाढवास घटाचे कारण म्हणता येत नाही, हे विश्वनाथ पंचाननाच्या ग्रंथातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या इतके अंगवळणी पडलेले असे, की तो तसली चूक स्वप्नातही करीत नसे. सॉफ्टवेअरमध्ये कोणताही स्तंभ कारण म्हणून घालता येतो. यंत्र त्यास नकार देत नाही. ते गाढवाचाही गुणांक काढून देते, आणि पुष्कळदा त्या गुणांकाशेजारची संभाव्यता मोठी भुरळ पाडणारी असते. भीमाचार्य झळकीकर यांनी ‘न्यायकोश’ रचून या सर्व परिभाषेची जी व्यवस्था लावली, ती या नव्या विद्येच्या विद्यार्थ्याने शेजारी ठेवावी असे मला मनापासून वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे. अवशेष हाती आले. त्यांचे काय करावयाचे? पुस्तकात शिकलेल्या रिग्रेशनमध्ये ते एका स्तंभात उभे असतात आणि तो स्तंभ पाहून काहीही उमगत नाही. परंतु ते नकाशावर रंगविले, धनास एक रंग आणि ऋणास दुसरा, की त्यांना जागा प्राप्त होते. १९५० साली पॅट्रिक मोरान याने शेजारच्या जागांतील साम्य मोजण्याचे एक गमक दिले: शेजारी सारखे असतील तर ते एकाच्या दिशेने चढते, काही धरबंध नसेल तर शून्याजवळ राहते, आणि सारखे परस्परांपासून दूर विखुरले असतील तर ऋण होते. हे गमक खरे की योगायोगाचे, हे तपासण्याची जिओडाची रीत मला या साऱ्या शिक्षणातील सर्वांत गंभीर गोष्ट वाटली. यंत्र ते सर्व अवशेष उचलते, आणि कोणत्याही वॉर्डाचा मुलाहिजा न ठेवता आंधळ्या सोडतीने पुन्हा शहरभर वाटते, वाटून झाल्यावर गमक काढते, पुन्हा उचलते, पुन्हा वाटते, ९९९ वेळा. म्हणजे ज्यास आपण नशीब म्हणतो, ते नशीबच जर या शहराचा कारभार पाहत असते, तर अवशेष कसकसे पडले असते, याची ९९९ चित्रे ते काढते, आणि मग खरे चित्र त्यांच्या शेजारी मांडून विचारते, की हे त्यांच्यापैकी एक शोभते काय?

माझ्या अभ्यासात ते शोभले नाही. एका रंगाचे वॉर्ड एकमेकांस खेटून उभे राहिले होते. विद्यार्थ्याच्या पहिल्या हिशेबावरून कोणत्याही वस्तीविषयी जाहीर विधान करणे अनुचित, म्हणून मी त्यांचे क्रमांक येथे देत नाही. परंतु त्या चित्राने जो विचार मनात रुजला, तो क्रमांकांवर अवलंबून नाही. दैव जर खरोखर आंधळे असेल, तर त्यास वॉर्डाची हद्द ओळखता येणार नाही, एका बाजूची आळी सोडून दुसऱ्या बाजूच्या पाच आळ्या निवडता येणार नाहीत. आणि पूर्वकर्म जर प्रत्येक जीवाचे स्वतंत्र असेल, जसे ते शास्त्राने मानले आहे, तर सारखे पूर्वकर्म असलेले हजारो जीव नेमके एका नाल्याच्या काठी जन्मास येतात, हे गृहीत धरण्यास शास्त्राचा कोणताही आधार नाही. ज्या अवशेषास आकार आहे, तो अदृष्ट नव्हे. तो न विचारलेला प्रश्न आहे.

नंतरच्या पायरीवर सॉफ्टवेअर दोन मार्ग पुढे ठेवते, आणि त्यांतील भेद मला दर्शनाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. एका मार्गात असे मानावयाचे, की शेजाऱ्याची स्थिती स्वतःच माझ्या स्थितीचे कारण होते: शेजारच्या वस्तीतील मुली शाळेत जाऊ लागल्या, की माझ्या वस्तीतील आईबापांचे धैर्य वाढते. दुसऱ्या मार्गात असे मानावयाचे, की शेजारी एकमेकांवर परिणाम करीत नाहीत, परंतु न मोजलेली एकच वस्तू दोघांच्या खालून वाहते आहे. पहिल्यास संगतीचा परिणाम म्हणता येईल. दुसरे सामाईक अदृष्ट, पण असे अदृष्ट, की ज्याचा ठाव काढता येतो. लष्करातून स्वर्णरेखा वाहते. ती कोणत्याही वॉर्डाच्या हद्दीत मावत नाही आणि जनगणनेच्या कोणत्याही रकान्यात तिला जागा नाही.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकी उसळली तेव्हा जॉन स्नो याने मृत्यूंचा नकाशा काढला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्याचा युक्तिवाद जिंकला तो पंपाभोवती दाटलेल्या मृत्यूंपेक्षा अपवादांनी. त्याच परिसरातील गरिबांच्या श्रमगृहात ५३५ माणसे राहत होती आणि त्यांपैकी केवळ ५ दगावली, कारण तेथे स्वतंत्र विहीर होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यातील कामगारांपैकी पटकीने कोणीही मेले नाही, कारण ते त्या पंपाचे पाणी पीत नव्हते. आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्धा मात्र मेली, कारण त्या पाण्याची चव आवडत असल्याने ती ते मुद्दाम मागवून घेत असे. नैयायिकाने याहून शुद्ध अन्वयव्यतिरेक मागितला नसता. या प्रकरणातील दुसरा मनुष्य मला अधिक पूज्य वाटतो. हेन्री व्हाइटहेड हा त्या पेठेतील तरुण धर्मोपदेशक. स्नोचे म्हणणे खोडून काढण्यासाठी तो घरोघर गेला, आणि चौकशीच्या अखेरीस त्यानेच स्नोच्या म्हणण्यास सर्वांत बळकट पुरावा मिळवून दिला. मरणाऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करणे हे त्याचे नित्य कर्तव्य होते, आणि तरीही ईश्वराची इच्छा हे शब्द उच्चारून त्याने आपली वही मिटली नाही.

आपल्याकडेही याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. सांक नदीवरचे तिघऱ्याचे धरण, ज्याचे पाणी आजही या शहरास मिळते, बांधून होते न होते तोच १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटले. पुराचे पाणी माथ्यावरून वाहिले आणि दगडी बांधाचे प्रचंड खंड पायावरून सरकले. खालच्या अंगास ज्यांची घरे होती, त्यांच्यावर जे ओढवले ते त्यांच्या पूर्वसंचिताने, असे म्हणणारा मनुष्य दुष्ट असतोच असे नाही. तो पुष्कळदा शोकाने थिजलेला असतो. परंतु जो स्वतः उंचवट्यावर आहे त्याने सखलातल्या मनुष्याविषयी हे वाक्य बोलू नये. कर्मविपाकाचा सिद्धांत मी टाकून दिलेला नाही. स्वतःच्या दुःखापुढे बसलेल्या मनुष्यास तो जे धैर्य देतो, ते दुसऱ्या कशानेही मिळत नाही, आणि टिळकांनी ‘गीतारहस्या’तील कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य या प्रकरणात त्या सिद्धांतातूनच प्रयत्नाचे स्वातंत्र्य कसे निष्पन्न केले आहे, हे ज्याने वाचले त्यास तो निष्क्रियतेचा सिद्धांत वाटणार नाही. परंतु तो प्रथमपुरुषी सिद्धांत आहे. ‘माझे कर्म’ म्हणण्यात नम्रता आहे. ‘त्यांचे कर्म’ म्हणण्यात, बोलणाऱ्यास कळो वा न कळो, क्रौर्य आहे.

नकाशाच्या विद्येसही हीच मर्यादा उलट बाजूने लागू पडते. वॉर्डाच्या सरासरीवरून त्या वॉर्डातील एखाद्या व्यक्तीविषयी काही सांगता येत नाही. विल्यम रॉबिन्सन याने १९५० साली अमेरिकेच्या जनगणनेच्या आकड्यांवरून दाखविले, की समूहांमध्ये दिसणारा संबंध व्यक्तींमध्ये कधी क्षीण होतो, तर कधी चक्क उलटाही होतो. कर्मसिद्धांत व्यष्टीचा, रिग्रेशन समष्टीचे. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन निवाडा दिला, की तो निवाडा खोटा ठरतो. वॉर्डाच्या दैन्यास कर्म म्हणणे जसे खोटे, तसेच एखाद्या मुलीच्या बुद्धीस वॉर्डाच्या गुणांकाने मोजणे खोटे.

येथे चार्वाक आक्षेप घेईल, की तुमच्या व्याप्तीला अंत नाही, प्रत्येक उपाधीमागे आणखी एक उपाधी निघेल, मग निर्णय केव्हा? उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत याचे उत्तर देऊन ठेवले आहे, आणि ते मला पूर्ण मान्य आहे: जेथे शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या आचरणाशीच तिचा विरोध येतो, तेथे शंकेची हद्द संपते. धूर हवा असलेला संशयवादीही अग्नीच पेटवितो. पाणी दूर असल्यामुळेच साक्षरता उणी राहिली काय, हा वाद पंडितांनी खुशाल चालवावा. तो मिटेपर्यंत नळ थांबविण्याचे कोणतेही कारण त्यातून निघत नाही, कारण पाण्यासाठी पाणी हवेच असते.

सर्व उपाधी शोधून, शेजार हिशेबात धरून, पुन्हा नकाशा रंगविल्यावर जे अवशेष उरतील, आणि ९९९ सोडतींच्या चित्रांत मिसळून ओळखू न येण्याइतके विखुरतील, त्यांच्यापुढे मात्र मी हात जोडीन. ते लहान असोत वा मोठे, त्यांस दैव म्हणण्याचा अधिकार मला तेव्हाच प्राप्त होईल, आणि तोही हा हिशेब ज्या वर्षी झाला त्या वर्षापुरता. सध्या काम निराळे आहे. २००० साली अवकाशयानातून रडारने मोजलेली भूमीची उंची कोणासही विनामूल्य मिळते, तिच्यावरून उताराचा लेअर तयार झाला. स्वर्णरेखेची रेघ मी स्वतः हाताने काढली. तिघऱ्याहून येणाऱ्या पाण्याच्या मुख्य नळांची आखणी तेवढी मिळावयाची आहे. तिच्यासाठी केलेल्या अर्जात मागणीचे प्रयोजन लिहिताना, जे वॉर्ड एका रंगात खेटून उभे राहिले, त्यांचे क्रमांक मी ओळीने लिहिले आहेत.